कपाटातला सालाम्पासू

१ जुलै, मंगळवार

आईने गाठोडं सोडलं! सोडलंच शेवटी.

ती सिंगापूरला आल्या दिवसापासून सांगतोय — कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं ते निळ्या कापडातलं गाठोडं ओडीलचं आहे, हात लावू नकोस, गाठ सोडू नकोस. ऋचाने सून म्हणून सांगून झालं. नातीने, जाईने, कपाटाच्या दाराला कागद चिकटवला. आई आपली "हो रे, मला काय करायचंय त्याचं" म्हणत राहिली. आणि आज मी ऐन रिव्ह्यू मीटिंगमध्ये असताना तिचा फोन. कापला. परत आला. परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा वाटलं, पडली-बिडली की काय! बाहेर येऊन घेतला तर म्हणते, "अरे, कपाटात पिवळी पूड पडत्येय. गाठोड्याखाली. म्हणून म्हटलं आत काय आहे बघावं."

म्हणून म्हटलं!

संध्याकाळी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर, माझ्या खुर्चीसमोर, तो. लाकडी मुखवटा. भलंमोठं पुढे आलेलं कपाळ, खोल बसलेले तिरके डोळे, त्रिकोणी नाक आणि चौकोनी उघडं तोंड — त्यात टोकदार दातांची रांग. लाल-पांढरा रंग, बराचसा उडालेला. डोक्यावर वेताचे विणलेले गोळे, हनुवटीला काथ्याची दाढी. मी दचकलोच. आई शांतपणे मऊ फडक्याने त्याचं नाक पुसत होती.

"अगदी आपल्या बोहाड्यातला वाटतो की नाही रे?"

आईचं माहेर जव्हारचं. तिकडे बोहाड्याला देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर नाचतात. मुखवटा चढला की आतला तो शेजारचा बाळू राहत नाही, देव होतो, त्याच्या पाया पडायचं. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी बोहाडा म्हटलं की मला जांभई येते.

म्हटलं, आई, हा आपला नाही. हा काँगोचा आहे. तर म्हणाली, "असू दे की."

२ जुलै, बुधवार

ऋचा चिडलीय. आईवर चिडता येत नाही, म्हणून माझ्यावर.

ओडील ही ऋचाच्या लॅबमधली पोस्टडॉक. सालाम्पासू जमातीची. एप्रिलपर्यंत हा शब्दही मला ठाऊक नव्हता, आता झोपेत विचाराल तरी सांगेन. एप्रिलमध्ये तिची आई आजारी पडली, तिला तडकाफडकी काँगोला जावं लागलं. खोली सोडली, सामान मित्रमंडळींत वाटून ठेवलं, आणि हे गाठोडं आमच्याकडे. तिच्या काकांचा मुखवटा. त्यांच्या गावात मारामाऱ्या पेटल्या, घरं जाळली, तेव्हा तिच्या भावाने हा एकच पाठीला बांधून बाहेर काढला. बाकीचे सगळे मुखवटे जळाले. भाऊ पुढे जहाजावर नोकरीला लागला. त्याचं जहाज इथे सेम्बावांगला दुरुस्तीला आलं तेव्हा मुखवटा बहिणीच्या हवाली करून गेला. आता गाव पुन्हा वसलंय आणि काका मुखवटा परत मागतोय. वयात आलेल्या पोरांना त्यांच्यात सामील करून घ्यायचं तर हा लागतो. ऑगस्टच्या मध्यात ओडील येणार, गाठोडं उचलणार आणि थेट काकांकडे नेणार.

आणि कहर म्हणजे तिने स्वतः तो कधी पाहिलेला नाही! त्यांच्या घरात बायका मुखवटा बघत नाहीत. तो बाहेर आला की बायकापोरींनी घरात पळायचं, दार लावून घ्यायचं. पीएचडी झालेली बाई. प्रोटीनचे फोटो काढते. आणि स्वतःच्या खोलीतलं गाठोडं सोडून बघत नाही! हे ऋचाला म्हटलं तर ती म्हणाली, "तिने नाही सोडलं. तुझ्या आईने सोडलं. ते बोल."

बरोबर आहे. पण सगळं माझ्याच डोक्यावर का? आई माझी, म्हणून!

३ जुलै, गुरुवार

शेजारच्या ब्लॉकमधली उर्मिला खवणी परत द्यायला आली होती म्हणे. तिने टेबलावर मुखवटा बघितला. खाली आईने ताटली ठेवलेली, ताटलीत ती पिवळी पूड. "काकू, ही तर उदी!" कपाळाला लावली, कागदात पुडी बांधून घरीही नेली. नवऱ्याच्या पाठदुखीसाठी.

आई हे सांगताना हसत होती. मीही हसलो. तिथेच चुकलं.

५ जुलै, शनिवार

मुखवटा परत गुंडाळ म्हणून सांगितलं. "कोंडल्यासारखं होतं रे त्याला." कुणाला?! लाकडाला?

आता तो हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या स्टुलावर. कपाळावर कुंकवाचा टिळा. समोर निरांजन लावत नाही एवढे उपकार — फायर अलार्मला घाबरते म्हणून. सकाळ-संध्याकाळ पुढे उभी राहून हात जोडते, ओठ हलवत काहीतरी पुटपुटते. मी क्रिकेट बघायला बसलो की तो दात विचकून माझ्याकडे बघतो.

१० जुलै, गुरुवार

ऑफिसातून आलो तर दाराबाहेर चपलाच चपला. आत सहा-सात बायका! उर्मिलाच्या नवऱ्याची पाठ दुखायची थांबली. थांबणारच, आठवडाभर तो सुट्टीवर होता. पण हे कोण ऐकतो. उर्मिलाने व्हॉट्सॲपवर टाकलं, "यिशुनला अरुणाकाकूंकडे जागृत मुखवटा आहे." जागृत! कुणी पुंगोलवरून आलेली, कुणी वुडलँड्सहून. एकीच्या मुलाची पीएसएलईची परीक्षा, एकीच्या नवऱ्याचा पीआरचा अर्ज अडकलेला. आई मधोमध बसून सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी वाढत होती, प्रत्येकीचं माहेर कुठलं ते विचारत होती. "अगंबाई, म्हणजे तू वाड्याची? वाड्याच्या पाटीलबाई माझ्या वर्गात होत्या!"

समोरच्या दारातली मॅडम लिम दोन संत्री घेऊन आली. मला विचारते, "दिस वन व्हॉट गॉड, आह?"

मी म्हटलं, नॉट गॉड. मुखवटा. काँगो.

"कॅन, कॅन," म्हणजे चालेल, म्हणाली आणि संत्री ठेवून हात जोडून गेली. आता चिनी संत्रीही आमच्याच टीव्हीशेजारी.

रात्री आईला म्हटलं, हे काय चाललंय? "आल्या गेल्या बसल्या. तुझं काय जातं?" माझं सोफ्यावर बसणं जातं, आई!

१२ जुलै, शनिवार

जाईने मोबाइलला कसलंसं भिंग लावून मुखवट्याचा व्हिडिओ काढला. हनुवटीला, कानामागे बारीक गोल भोकं. टाचणी जाईल एवढी. एका भोकातून पिवळं पीठ बाहेर ढकललं जातंय, आणि त्यामागे पांढरं काहीतरी वळवळतंय.

"पापा, धिस इज बीटल पूप, लाह."

उदी! लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची शी! आणि पुंगोलपासून वुडलँड्सपर्यंतच्या बायका ती कपाळाला लावून हिंडतायत. मला हसू आवरेना, आणि मग एकदम आवरलं. कानामागे बोटाने टकटक केली तर पोकळ वाजलं. हा आतून संपत चाललाय. ओडील यायला महिना राहिला नि हा असा पीठ होत राहिला तर मी तिला काय देणार? ताटली?

इथल्या एका म्युझियममध्ये जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या बाईंना फोटो पाठवले. शनिवार असून तासाभरात उत्तर आलं. किडा जिवंत आहे. औषध मारू नका, रंग जाईल. काही पुसू नका. प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करा, आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, एक दिवस बाहेर काढा — पिशवी न उघडता — आणि पुन्हा आठवडाभर आत. अळ्या, अंडी सगळं मरतं.

आमच्या फ्रीजरमध्ये मटारचं पाकीट ठेवायचं तर बर्फाचा ट्रे काढावा लागतो. ह्याचं डोकं — त्या वेताच्या गोळ्यांसकट — कसं मावणार?

आईला सांगितलं. भुंगा म्हटल्यावर काहीच बोलली नाही. फ्रीजर म्हटल्यावर उसळली! "देवाला फ्रीजरमध्ये? गुरुवारी बायका येतात!"

म्हणजे किड्याचं काही नाही. बायकांचं!

१३ जुलै, रविवार

ओडीलला व्हिडिओ कॉल केला. ऋचा म्हणाली, तू बोल. बोललो. गाठोडं उघडलं, किडा लागलाय, माफ कर.

"कुणी उघडलं?"

"माझ्या आईने."

"वय काय तिचं?"

"सत्तरीची आहे."

म्हणाली, म्हाताऱ्या बायकांचं काकाला समजावता येईल, ते मी बघते. आणि मग आवाजच बदलला तिचा. "सौमित्र, तो अख्खा आहे ना? मला अख्खा न्यायचाय. आमच्याकडे दुसरा नाही. काका थकलाय, त्याच्यानंतर कोरणारा कुणी नाही."

अख्खा आहे, म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर जाऊन परत एकदा टकटक करून बघितलं. मला त्या बाईची भीती वाटली, आणि वाईटही वाटलं. हे आता माझ्या गळ्यात आहे. कसंही करून हा धड परत द्यायचा.

१५ जुलै, मंगळवार

फ्रीजर शोधतोय. तीन जणांना विचारलं. तिघांनी विचारलं, "कशाला?" सांगितल्यावर तिघांनी विषय बदलला.

१७ जुलै, गुरुवार

मुद्दाम घरून काम केलं. आज कुणाला येऊ देणार नव्हतो. आईला सकाळी बजावलं होतं, सगळ्यांना मेसेज कर. "करते," म्हणाली. चारला बेल. मग बेल. मग बेल! मी आत क्लायंटशी बोलतोय, आणि बाहेर "काकू, चहात आलं घालू का?"

आणि मग उर्मिलाची किंकाळी. धावत गेलो. तिने दर्शन घेताना बोट लावलं नि दात निघाला. मुखवट्याचा. खालच्या रांगेतला, मुळासकट. उर्मिलाच्या तळहातावर. आणि ती बया म्हणते काय — "काकू, मला प्रसादच मिळाला!" आणि रुमालात बांधायला लागली!

माझं डोकं फिरलं. तिच्या हातातून दात काढून घेतला. जाईचा व्हिडिओ फोनवर होता, तो लावला टीव्हीवर. छप्पन्न इंची! अळी अख्ख्या भिंतीएवढी झाली. वळवळतेय, पीठ ढकलतेय. म्हटलं, ही बघा तुमची उदी! ही ह्याची शी! दोन आठवडे कपाळाला किड्याची शी लावताय, पोरांना चाटवताय, आणि माझ्या आईला नादी लावताय. हा मुखवटा आमचा नाही, एका बाईने विश्वासाने ठेवलाय, आणि तुम्ही त्याचे दात पाडताय!

एक जण हळूच पदराने कपाळ पुसायला लागली. कप जागच्या जागी ठेवून सगळ्या उठल्या. चपलांचा आवाज झाला, लिफ्टचा आवाज झाला, संपलं.

आत गेलो तर क्लायंट अजून लाइनवर. मी म्यूट केलंच नव्हतं.

१८ जुलै, शुक्रवार

आई बोलत नाही. पोहे समोर ठेवले आणि आत गेली. मीठ नव्हतं.

१९ जुलै, शनिवार

ऋचा म्हणते, "खरं होतं ते बोललास, पण टीव्हीवर?" मग कशावर दाखवू? त्या रुमालात पुड्या बांधत होत्या!

२० जुलै, रविवार

फ्रीजर मिळाला!! निशिकांतकडे. आधी कसं माझ्या लक्षात आलं नाही!

निशिकांत सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये इंजिनिअर, मूळचा मालवणचा, एकटा राहतो, आणि दर रविवारी गळ घेऊन पुलाउ उबीन बेटावर. त्याच्याकडे शवपेटीएवढा फ्रीजर आहे, मासळीसाठी. फोन केला तर म्हणाला, "सौम्या, तुझं नशीब बघ. शुक्रवारपासून श्रावण! महिनाभर मी मासळीला शिवत नाही, फ्रीजर रिकामाच असतो. फक्त आहे ती संपवायची."

श्रावण नसता तर मेलो असतो. सिंगापूरभर विचारत फिरलो आणि सुटका केली ती पंचांगाने. काँगोचा मुखवटा वाचणार कारण मालवणचा माणूस सुरमई सोडणार! ओडीलला हे कसं समजावू?

२३ जुलै, बुधवार

गटारी उद्या गुरुवारी आल्येय आणि गुरुवारी निशिकांत खात नाही, म्हणून आज. नऊ जण बोलावले होते तरी संपेना. सुरमई, बांगडे, आणि नाव माहीत नसलेला तिथलाच कसला तरी मासा. मला सारखं वाढत होता, "खा, तुझ्या देवाला जागा करतोय!" पोट फुटायची वेळ आली. पोटाला तड लागली तरी फ्रीजर अजून पाव भाग भरलेलाच. उरलेलं त्याने खालच्या मलय शेजाऱ्यांना वाटलं.

२५ जुलै, शुक्रवार

ठेवला एकदाचा.

आई बोलली. आठवड्याने! "मी येणार." कुठे? "तिकडे. बघितल्याशिवाय नाही जाऊ द्यायची." टॅक्सीत मुखवटा मांडीवर घेऊन बसली, पिशवीत बंद केलेला. निशिकांतकडे पोचल्यावर पदर खोचला आणि फ्रीजर घासायला घेतला! लिंबू, सोडा, परत लिंबू. निशिकांत बिचारा, "काकू, मी कालच धुतलाय." "तुझा धुतलेला मला माहितेय. वास येतोय." तासभर! मग तळाला स्वच्छ पंचा घातला, मुखवटा आडवा ठेवला, हात जोडले, झाकण लावलं.

मी निघू म्हणतोय तर ही बसली. "एकटाच असतोस? जेवतोस काय? आई कुठे असते?" निशिकांतने चहा केला, तिने त्याला शिरा करून घातला. आठ वाजले! मी दारात चपला घालून उभा. घरी येताना टॅक्सीत म्हणाली, "भला मुलगा आहे. बोलतो छान." मी कुठे वाईट बोलतो?

३१ जुलै, गुरुवार

आज कुणीही आलं नाही. सुटलो! सोफा रिकामा, क्रिकेट बघितलं.

२ ऑगस्ट, शनिवार

काल बाहेर काढला, आज पुन्हा आत. पिशवीत एक मेलेला भुंगा दिसला. तांबूस, तिळाएवढा. एवढ्याशा जिवाने केवढा घोळ घातला!

६ ऑगस्ट, बुधवार

आईने ऑफिसात चारदा फोन केला. पहिल्यांदा: गॅसचा नॉब घट्ट झालाय. दुसऱ्यांदा: झाला नीट. तिसऱ्यांदा: खाली चिनी बायका व्यायाम करतायत, गाण्यावर. बरं मग? "काही नाही, सांगितलं." चौथ्यांदा मी घेतलाच नाही. संध्याकाळी विचारलं, काय होतं? "लवकर येणारेस का विचारत होते." नाही येणार, आई. मी कधी लवकर येतो?

टीव्ही बघ म्हटलं. मराठी चॅनल मुद्दाम घेतलेत तिच्यासाठी. बघत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पिशवी उघडली. थंडगार, कोरडा, खाली पुडीचा कण नाही. आईच्या खोलीत पांढऱ्या कागदावर ठेवला — रोज बघायचं, कागदावर पूड पडते का. दात मी वेगळ्या डबीत ठेवलाय. चिकटवणार नाही, काकांचं काय ते त्यांना करू दे.

कुंकवाचा टिळा तसाच आहे. पुसायचा नाही असं म्युझियमच्या बाईंनी सांगितलंय. आई जिंकली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ओडील आली होती. कागद पाच दिवस स्वच्छ. मुखवटा निळ्या कापडात, गाठ आईने मारलेली. मी घामाघूम.

मी दाताची डबी दिली आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं. बायका, उदी, फ्रीजर, मासे. ओडील ऐकत होती. श्रावणाला ती हसायला लागली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. "माशांच्या जागी! काकाला हे सांगणार नाही मी. नाही, सांगेनच!" मी सुटलो म्हणून मीही हसलो.

मग ती गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली. निघेना. आईकडे बघत होती. मग ऋचाला म्हणाली, विचार त्यांना. लहानपणी तो अंगणात यायचा तेव्हा आम्ही बायका दार लावून आत अंधारात बसायचो. मी फक्त पावलं ऐकलीयत आणि आवाज. आमच्या घरातल्या एकाही बाईने तो बघितलेला नाही. तुझ्या सासूबाईंनी बघितलाय. कसा दिसतो?

ऋचाने आईला मराठीत सांगितलं. मला वाटलं, आता आई बोहाडा सुरू करणार. पण आईने आधी तिला विचारलं, "ऐकलेलं चालतं का गं तुमच्यात? बघितलेलं नाही, पण ऐकलेलं?"

ओडीलने विचार केला. "ऐकू नका असं कुणी सांगितलेलं नाही."

मग आई तिच्याजवळ सरकून बसली. "कपाळ मोठं आहे. तुझ्यासारखंच." हाताने दाखवत होती. डोळे कसे, नाक कसं, रंग कुठे उडालाय, वेताचे गोळे कसे बसवलेत. कोरणाऱ्याच्या पटाशीच्या खुणा डाव्या गालावर आहेत, उजव्यावर नाहीत. ऋचा भाषांतर करता करता मागे पडत होती. एवढं सगळं आईने कधी बघितलं? मी तीन आठवडे त्याच्यासमोर क्रिकेट बघितलं, मला दातांपलीकडे काही आठवत नाही.

ओडीलने विचारलं, "रागावलेला दिसतो का? आम्हाला सांगायचे, फार रागीट आहे."

आई म्हणाली, "नाही गं. दात दाखवतो खरा. पण डोळे बघितले तर वाटतं, ह्यालाच कुणाची तरी भीती वाटतेय."

ओडील रडली. आईने तिचा हात धरला, आणि तिला कुंकू लावलं, आणि पिशवीत चिवडा घातला. जाताना ओडील वाकून आईच्या पाया पडली — हे तिला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. लिफ्ट बंद झाली तरी आई दारात उभी होती. मला फार बरं वाटलं आज, हे लिहून ठेवतो. अख्खा दिला. एका दाताने कमी, पण दिला.

१८ ऑगस्ट, सोमवार

आईचं परतीचं तिकीट पुढच्या रविवारचं आहे. गणपतीच्या आत.

आज जेवणाआधी सहज म्हटलं, ओडील कालच्या विमानाने निघाली, तुझा भुंगेवाला देव गेला एकदाचा. आई भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "भुंगा आहे हे मला गाठोडं सोडलं तेव्हाच कळलं होतं. आमच्या जव्हारच्या घराची चौकट अशीच गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"उर्मिला म्हणाली, उदी आहे, पुढच्या गुरुवारी परत येते. कुणी येते म्हणाल्यावर मी कशाला भुंगा म्हणू?" चार भेंड्या चिरून झाल्या. "रोज त्याची माफी मागत होते रे हात जोडून. तुला वाटलं पूजा करत्येय."